टपालाची वाट

बिऱ्हाड बदलणें म्हणजे केवळ सामान हलविणें नव्हे, हें ज्यांनीं एकदां तरी बिऱ्हाड बदललें आहे त्यांस सांगावयास नको. भांडीं, गाद्या, पुस्तकें हीं एका दिवसांत नव्या जागीं येऊन पडतात. परंतु जुन्या पत्त्यावर येणारीं माणसें आणि पत्रें यांना नवें दार सांपडावयास महिने लागतात. आमचें बिऱ्हाड महालांतून धरमपेठेंत आलें तेव्हां वडिलांनीं पहिली खाट हलविण्याच्याहि आधीं टपाल कचेरींत नव्या पत्त्याची सूचना देऊन ठेवली होती. हें डोळ्यांनीं पाहिलेलें असूनहि, इंटरनेटवरचें बिऱ्हाड बदलतांना मी नेमका हाच धडा विसरलों. आणि त्याचें प्रायश्चित्त सातासमुद्रांपलीकडील एका वृद्ध स्त्रीस भोगावें लागलें.

माझे थोरले बंधू नागपुरांत इमारतींचे आराखडे करण्याचा व्यवसाय करतात. कचेरीसाठीं त्यांनीं एक डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचें स्वतःचें नांव, घेतलेलें आहे. त्याच नांवावर त्यांची वेबसाइट आहे आणि घरांतील सर्वांच्या ईमेलच्या पेट्याहि आहेत. ८४ वर्षांच्या नानांची, म्हणजे आमच्या वडिलांची, त्यांत एक पेटी आहे. नाना टपाल खात्यांत उभा जन्म काढून निवृत्त झालेले. त्यांच्या वडील भगिनी, आमच्या अक्काआत्या, न्यू जर्सींत आपल्या मुलीकडे असतात. अक्कांना हल्लीं फार कमी ऐकूं येतें. टेलिफोनवरचें बोलणें जवळ जवळ बंदच झालें आहे. म्हणून दर रविवारीं सायंकाळीं त्या देवनागरींत सावकाश अक्षरें जुळवून भावाला पत्र लिहितात, आणि सोमवारीं सकाळीं पूजा आटोपली कीं नाना तें वाचतात. हा परिपाठ कित्येक वर्षें अखंड चालला होता.

पुतणीनें कचेरीची नवी वेबसाइट तयार केली आणि ती दुसऱ्या एका कंपनीच्या संगणकावर ठेवावयाचें ठरलें. घरांतला जाणकार म्हणून तें काम माझ्याकडे आलें. कंपनीच्या सूचनापत्रांत एकच ओळ ठळक होती: आपल्या डोमेनचे नेमसर्व्हर बदला. शनिवारीं रात्रीं मीं ते बदलले. रविवारीं नवी वेबसाइट झळकली, सर्वांनीं कौतुक केलें, आणि दादांनीं संत्र्याची बर्फी आणविली.

सोमवारीं नाना पूजेवरून उठतात तोंच न्यू जर्सीहून आतेबहिणीचा टेलिफोन आला. अक्कांचें पत्र उलट टपालीं परत गेलें होतें, आणि सोबत इंग्रजींत एक ओळ होती: या पत्त्यावर असा कोणी मनुष्य नाहीं. हा यंत्राचा घोटाळा असेल, म्हणून मुलीनें परोपरीनें समजाविलें. परंतु ८८ वर्षांच्या त्या बाईंनीं त्या ओळीचा सरळ अर्थ घेतला होता. तुम्ही माझ्यापासून कांहीं लपवितां आहांत, एवढेंच त्या पुनःपुन्हां म्हणत होत्या. नाना टेलिफोनवर ओरडून ओरडून थकले. पण ऐकणार कोण? अखेर चित्र दिसणारा टेलिफोन जोडला. कपाळावर ओलें गंध घेऊन नाना पडद्यासमोर बसले. अक्कांनीं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. मला मात्र तेथें उभें राहवेना.

झालें होतें तें असें. इंटरनेटच्या बाल्यावस्थेंत सर्व संगणकांचीं नांवें एकाच यादींत लिहिलेलीं असत, आणि ती यादी अमेरिकेंतील स्टॅन्फर्ड संशोधन संस्थेंत ठेवली जाई. संगणक वाढले तशी ती अपुरी पडूं लागली. तेव्हां १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं डीएनएस ही व्यवस्था रचिली: प्रत्येक नांवाची वही ज्यानें त्यानें ठेवावी, आणि विचारील त्यास उघडून दाखवावी. ही वही सांभाळणारा जो कारकून, तोच नेमसर्व्हर. वहींत एका नांवापुढें अनेक नोंदी असतात. वेबसाइट कोणत्या संगणकावर आहे हें एक नोंद सांगते. टपाल कोणाच्या हवालीं करावें हें एमएक्स नांवाची दुसरी नोंद सांगते. मला बदलावयाची होती ती फक्त पहिली नोंद. मीं सबंध कारकूनच बदलला. नव्या कारकुनाच्या वहींत कंपनीच्या शिरस्त्याप्रमाणें आधींच लिहिलेलें होतें कीं, टपालहि येथेंच द्यावें. तेथें नानांची पेटी कोठून असणार?

त्या दारास नुसतें कुलूप असतें, तरी अनर्थ टळला असता. दार लागलेलें दिसलें तर पत्र आणणारा संगणक थोड्या थोड्या वेळानें पुन्हां येऊन दार ठोठावतो, आणि सामान्यतः चार-पांच दिवस वाट पाहून मगच पत्र परत करतो. येथें दार उघडलें, आणि उघडणाऱ्या परक्यानें स्पष्ट सांगितलें कीं, असा कोणी येथें राहत नाहीं. असें उत्तर मिळतांच पत्र तत्काळ मागें फिरतें.

मीं जुनी एमएक्स नोंद नव्या वहींत उतरविली. परंतु प्रत्येक नोंदीपुढें ती किती सेकंद स्मरणांत ठेवावी याचा आंकडा असतो. त्यास टीटीएल म्हणतात. येथें तो १४४०० होता. ज्यांनीं चुकीचें उत्तर आधींच विचारून नेलें होतें ते तें चार तासांपर्यंत खरें मानणार होते, आणि मी हात चोळीत बसण्यापलीकडे कांहीं करूं शकत नव्हतों.

सायंकाळीं नानांपुढें सर्व कबूल केलें. ते रागावले नाहींत. म्हणाले, "पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाला. आमच्या खात्यांतले श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे कवि, त्यांची ती योजना. नागपूरच्या मोठ्या टपाल कचेरीस ४४०००१ हा आंकडा मिळाला. म्हणून दुसऱ्या दिवशीं बिनआंकड्यांचीं पत्रें आम्हीं परत पाठविलीं काय? तींहि वांटलींच. नवी वाट पाडतांना जुनी बुजवावयाची नसते, बाबा."

पुढील वर्षीं ईमेलच्या पेट्याच दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा प्रसंग आला, तेव्हां हें वाक्य मीं गांठीस बांधलें होतें. वहींतील एकूण एक नोंद प्रथम कागदावर उतरून घेतली. नव्या जागीं सर्वांच्या पेट्या आधीं उघडल्या. त्यांत पहिली नानांची. टीटीएल एक दिवस अगोदरच ३०० सेकंदांवर आणून ठेवला. आमच्या नांवानें पत्रें पाठविण्याचा अधिकार कोणास आहे हें एसपीएफ नांवाची नोंद सांगते; तींत जुन्या व नव्या दोन्ही कंपन्यांचीं नांवें घातलीं. पत्रावरील मोहोर पारखण्याची डीकेआयएम नोंदहि नव्यानें लिहिली, कारण या दोन नोंदी चुकल्या तर आपलीं पत्रें लोकांकडे टाकाऊ टपालांत पडण्याचा संभव असतो. मग बुधवारीं, रविवारपासून दूरचा दिवस पाहून, फक्त एमएक्स नोंद बदलली. नेमसर्व्हरला हात लावला नाहीं. जुन्या पेट्या पंधरा दिवस तशाच चालूं ठेवल्या, आणि दोन्ही ठिकाणीं रोज पाहत गेलों. पहिल्या दिवशीं दोन पत्रें जुन्याच पेटींत येऊन पडलीं होतीं. तीं हातीं लागलीं.

पुढच्या सोमवारीं नाना चष्मा लावून संगणकापुढें बसले. मी पाठीमागें उभा होतों. अक्कांचें पत्र आलेलें होतें. मागील प्रसंगापासून त्या प्रत्येक पत्राच्या आरंभींच एक ओळ लिहितात: पत्र पोंचल्याचें आधीं कळव. नानांनीं पुढचा मजकूर वाचला नाहीं. एका बोटानें एकेक अक्षर जुळवून त्यांनीं उत्तर लिहिलें, "पोंचलें." आणि मग पत्र वाचावयास घेतलें.