दोन शब्दांचा शेरा

माझे मामा पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले अन् बंगळूरला स्थायिक झाले. मामी हाका मारतात, त्यांना ऐकूच येत नाही. निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळाने अपंगत्व २० टक्के धरले. पण ‘सेवेमुळे नाही’ असा शेरा मारला. अपंगत्वाचे निवृत्तिवेतन हुकले.

२०१३ साली धर्मवीर सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळेच जडला असे धरावे. मत उलट असल्यास मंडळाने कारणे द्यावीत.

हे मी मामांना मोठ्याने वाचून दाखवले. ‘‘पैशांचं राहू दे गं,’’ ते म्हणाले, ‘‘कान घरी बसून गेले नाहीत, एवढं त्यांनी लिहावं.’’

अपिलाचा अर्ज मामींनी लिहायला घेतला आहे. तुमच्या घरी कुणी फौजी असेल, तर मंडळाच्या अहवालाची प्रत जपून ठेवा.