अंगणातली चूल

चुलीला नुसती काळी माती चालत नाही. वाळली की भेगाळते. आई वारुळाची माती आणायची, खडे वेचून त्यात शेण आणि गव्हाचा भुसा कालवून रातभर मुरत ठेवायची. सकाळी पायानं तुडवून लोण्यावाणी करायची. मग चूल, आणि तिच्या अंगालाच वैल. चुलीवर भाकरी, वैलावर कालवण, जाळ एकच. वाळवायची मात्र सावलीत, उन्हात तडकते.

घरातल्या धुरानं आईची छाती भरली. गॅस आला तेव्हा ती गेलेली होती. म्हणून नवी चूल घालायची ठरवली ती अंगणात, उघड्यावर.

सून म्हणाली, "मामा, गॅस हाय की घरात."

म्हटलं, "असू दे. टाकी संपली तर दुसरी मिळंल. ही रीत संपली तर कुठनं आणायची?"

तिनं पदर खोचला अन् माती तुडवायला घेतली.