काटा कधी चढतो?

गाडी तापते म्हटलं की निम्मे मेकॅनिक बोनेट उघडायच्या आधीच हेड गॅस्केटचं नाव घेतात. आमच्याकडे 1991 सालची मारुती 800 आहे. वडिलांनी घेतलेली, कार्ब्युरेटरची, एसी नसलेली. पंधरा वर्षं उलटल्यापासून आरटीओत दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी, वर पर्यावरण कर, असं सगळं भरत आम्ही ती ठेवली आहे. काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर तिचा तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. पुण्याहून जाणाऱ्यांना तेव्हा घाट चढूनच जावं लागे. बोगदा होता तो येणाऱ्यांसाठी. ओळखीच्या गॅरेजवाल्याने फोनवरच निकाल दिला, “हेड उतरवावं लागेल साहेब. फेस मारून घेऊ, नवीन गॅस्केट टाकू. दहा-बारा हजार धरून चाला.”

मी पोटापाण्यासाठी ऑडिट करतो. व्हाउचर बघितल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय गाडीच्या बाबतीतही सुटत नाही. गाडी न बघता दहा-बारा हजार कशाचे?

घाटात मी दोन गोष्टी केल्या होत्या. आधी हीटर पूर्ण सोडला. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. इंजिनाचं तेच गरम पाणी त्यातून फिरतं आणि थोडी उष्णता गाडीत सोडून जातं. मागच्या सीटवरून आई म्हणाली, “अरे, मे महिन्यात शेकोटी कशाला?” काटा केसभर मागे आला, पण तेवढ्यावर भागेना. मग कडेला घेऊन इंजिन चालू ठेवूनच थांबलो. बोनेटखाली पंखा फिरत होता. पाच-सात मिनिटांत काटा आपल्या जागी आला. उरलेला घाट हळूहळू चढलो आणि उताराला तर गाडी गारच.

ही थांबल्यावर गार होण्याची गोष्ट मला महत्त्वाची वाटली. कारण हीच गाडी लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत कधी तापली नव्हती. गाडी सिग्नलला तापते आणि पळायला लागली की निवते, तर दोष पंख्याचा: फ्यूज, रिले, थर्मोस्विच किंवा पंख्याची मोटर. उभ्या गाडीला वारा मिळत नाही, पंखाच तो देतो. आमचं नेमकं उलट होतं. चढाला इंजिन पूर्ण जोर लावतं आणि जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेतला ढोबळमानाने तिसरा हिस्सा पाण्यातून बाहेर पडावा लागतो. तिथेच गाडी तापत असेल, तर एक तर पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटरला ते निववता येत नाही. संशयित तीन: वॉटर पंप, ज्याला गॅरेजात वॉटर बॉडी म्हणतात, थर्मोस्टॅट, आणि रेडिएटर. हेड गॅस्केट चौथं. ते गेलं तरी चढाला गाडी तापतेच, पण ते जाताना खुणा ठेवतं.

या खुणा सकाळी, इंजिन रात्रभर गार झाल्यावर, बघायच्या. ऑइलची पट्टी काढली. तेल काळं होतं, पण पांढुरकं किंवा फेसाळ नव्हतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला नाही. मग रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली आणि टॉर्च लावून त्याच्या तोंडातून आत बघत बसलो. गॅस्केट फुटलेलं असेल तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आणि बुडबुडे येत राहतात. रेस करूनही एक बुडबुडा आला नाही. बारा हजारांचं हेड तिथेच बाद झालं.

पण त्याच वेळी एक वेगळी गोष्ट दिसली. पाणी वाहत होतं, आणि तेही पहिल्या मिनिटापासून. म्हणजे वॉटर पंप चांगला. पण मग थर्मोस्टॅट काय करत होता? त्याचं काम इंजिन तापेपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे जाऊ न देण्याचं. गार इंजिनात रेडिएटरच्या तोंडाशी पाणी जवळपास स्थिर दिसायला हवं. थोडं पाणी काढून थर्मोस्टॅटच्या घरट्याचे बोल्ट सोडवले, वरचं टोपण उचललं. आत काहीच नव्हतं. कोणीतरी, कधीतरी, तो काढून टाकला होता.

‘आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही’ हे आपल्याकडचं गॅरेजातलं जुनं शहाणपण आहे आणि ते साफ चुकीचं आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन नीट तापत नाही, जास्त पेट्रोल पितं, आणि गार तेलात झीजही वाढते. त्याहून वाईट म्हणजे रेडिएटर हळूहळू मरत असला तरी कळत नाही. सपाट रस्त्यावर काटा खालीच राहतो. आमच्या घरी तर या काट्याचं कौतुक होतं: ‘गाडी कशी थंड आहे बघा!’ दुखणं लपलेलं होतं, ते चढाला बाहेर आलं.

आता उरला रेडिएटर. गाडी फिरवून आणली, बंद केली, किल्ली काढून बॅटरीची एक तारही सोडवली, कारण इलेक्ट्रिक पंखा गाडी बंद असतानाही अचानक फिरू शकतो. मग जाळीजवळ हात नेला. वरची टाकी चटका देणारी, दोन्ही कडा गरम, आणि मधला चांगला चार बोटांचा पट्टा कोमट. त्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं.

रेडिएटर काढून नाना पेठेत नेला. पुण्यात जुन्या गाडीचं काहीही असलं तरी माणूस शेवटी नाना पेठेतच जातो. आमच्या रेडिएटरच्या टाक्या पितळी, त्यामुळे झाळ काढून त्या उघडता येतात. आजच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला आणि प्लास्टिकच्या टाकीला हा उपाय नाही, थेट नवीन घ्यावा लागतो. दुकानातल्या चाचांनी वरची टाकी उघडून माझ्याकडे वळवली. नळ्यांच्या तोंडांवर पिवळट पांढरा थर, काही नळ्या पार बुजलेल्या. “बोअरचं पाणी घालता ना?” ते म्हणाले. “हा सगळा चुना आहे बघा.” पातळ पोलादी पट्टी ते एकेका नळीत घालत, खालून भुगा सांडे. याला रॉडिंग म्हणतात. सोसायटीच्या बोअरमधले कितीतरी वर्षांचे क्षार त्या दिवशी वर्तमानपत्रावर जमा झाले.

चाचांनी झाकणही बदलायला लावलं. झाकणाचं रबर कडक झालं होतं. रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरून ठेवतं. आमच्या गाडीच्या झाकणावर 0.9 लिहिलेलं असतं. तेवढा दाब टिकला तर पाणी शंभर अंशांच्या बरंच वर जाऊनही उकळत नाही. दाब टिकला नाही, तर पुण्याच्या उंचीवर साधं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे दीडदोनशे रुपयांच्या वस्तूवर पंधरा-वीस अंशांची सोय अवलंबून आहे.

नवा थर्मोस्टॅट 82 अंशांचा. बसवण्याआधी तो स्वयंपाकघरात तपासला. पातेल्यात पाणी, दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट (तळाला टेकला तर खोटं तापमान मिळतं), शेजारी थर्मामीटर. आईने एवढंच विचारलं, “दुधाचं पातेलं नाही ना ते?” ऐंशीपर्यंत काही नाही. मग मधली पितळी चकती इतकी सावकाश उचलली जायला लागली की आधी तो भास वाटला. आत मेण असतं, ते वितळताना फुगतं आणि दट्ट्या ढकलतं. पाणी उकळायला लागेपर्यंत चकती चांगली आठ-नऊ मिलिमीटर वर आली होती. गॅस बंद केल्यावर ती तितक्याच संथपणे मिटली. बोअरचं पाणी बंद करून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे भरले, हवा निघेपर्यंत गाडी चालू ठेवली.

त्यानंतर भर दुपारी खंबाटकी चढलो. काटा मध्याच्या जरा खाली आला आणि तिथेच राहिला. सगळा खर्च हेडच्या अंदाजाच्या चौथाईइतकाही झाला नाही.

तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल, तर गॅरेजात जाताना एक कागद न्या: सिग्नलला तापते की चढाला, थांबल्यावर निवते की नाही, पाणी किती दिवसांत कमी होतं. थर्मोस्टॅट काढून टाकायला कोणी सांगितलं तर दुसरं गॅरेज बघा. आणि घाटात कितीही घाई असली, मदतीला आलेला माणूस कितीही आग्रह करत असला, तरी गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. वरच्या होज पाइपला निवांत हात लावता येईल इतकं निवेपर्यंत थांबा.