आगबोटवाल्या शेठचे देणे

कोकणातल्या खाडीकाठच्या कुठल्याही मुसलमान मोहल्ल्यात जा, ज्या घरातले कुणीच कधी बोटीवर गेले नाही असे घर शोधून काढावे लागेल. आमच्या वाडवडिलांची शेती पोटाला पुरत नव्हती. मग मुंबई गाठायची, डोंगरी-माझगावकडच्या गावच्या जमातीच्या खोलीत वळकटी टाकायची आणि बोट मिळेपर्यंत वाट पाहायची, हा परिपाठ. कुणी खलाशी झाला, कुणी सुखाणी, कुणी आगवाला, कुणी तेलवाला, तर कुणी भंडारी. सारी हयात समुद्रावर घालवल्यावर एखादा सारंग होऊन परत यायचा आणि मरेपर्यंत गावात त्याच नावाने ओळखला जायचा.

मुंबईला जायचे तेही बोटीनेच. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ साली. त्याआधीच्या कैक पिढ्यांना समुद्र हाच रस्ता होता. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग अशी बंदरे घेत आगबोट जायची. पुष्कळ ठिकाणी ती धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून माणसे, गाठोडी, आंब्याच्या पेट्या तिच्यापर्यंत न्यायच्या. मग डेकवर चटई पसरून रात्र काढायची. आमच्या घरांत या बोटींच्या गोष्टी निघत, पण मालकाचे नाव कधी निघत नसे. ते आम्हांला कळले फार उशिरा, आणि तेही एका कॉलेजच्या पाटीवरून.

ते नाव सर मोहम्मद युसूफ. कोकण किनाऱ्यावर आगबोटी चालवणाऱ्या बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीशी या घराण्याचे नाव जोडलेले आहे. जोगेश्वरीच्या टेकडीवरचे इस्माईल युसूफ कॉलेज त्यांच्या देणगीतून झाले आणि त्याला नाव दिले गेले ते त्यांच्या वडिलांचे. १९१४ साली त्यांनी मुसलमानांच्या उच्च शिक्षणासाठी आठ लाख रुपये दिले. त्या काळातले आठ लाख! प्रत्यक्ष कॉलेज सुरू झाले १९३० साली. म्हणजे दान दिल्यावर फळ दिसायला सोळा वर्षे लागली. आजच्या दात्यांना उद्घाटनाची तारीख आधी हवी असते, म्हणून हा आकडा आम्हांला मुद्दाम सांगावासा वाटतो.

या कॉलेजविषयी आणखी एक गोष्ट मराठी वाचकांनी लक्षात ठेवावी. आपल्या पु. ल. देशपांड्यांनी मॅट्रिकनंतर याच कॉलेजात प्रवेश घेतला होता. पार्ल्याच्या मुलाला जोगेश्वरी जवळची. मुसलमान मुलांनी शिकावे म्हणून एका मुसलमान शेठने पैसा दिला आणि त्या वर्गांत मराठीचा सर्वांत लाडका लेखकही बसला. चांगल्या दानाला कुंपण राहत नाही, ते असे. या कॉलेजच्या जागेवर काय व्हावे आणि काय होऊ नये, यावरून मधल्या काळात बरेच वाद झाले. ते वाद चालू असताना आम्हांला वाटायचे, दिलेल्या हेतूची आठवण ठेवणारे कुणीतरी प्रत्येक पिढीत असावे लागते. नाहीतर दान उरते आणि त्यामागचा माणूस जातो.

पण आम्हां दर्यावर्दी लोकांना शेठचे दुसरे देणे अधिक जवळचे आहे. कॉलेजच्या देणगीच्याही आधी, १९१० साली, त्यांनी न्हावा बेटावर गरीब मुलांना जहाजाचे काम शिकवणारी शाळा काढली. पुढे 'ट्रेनिंग शिप रहमान' या नावाने ती ओळखली गेली. आज न्हाव्याच्या अंगाला जवाहरलाल नेहरू बंदर आहे आणि शिवडीहून समुद्रावरून येणारा अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला आहे. त्या काळी हे खाडीतले बाजूला पडलेले बेट होते. तिथे पोरांना नेऊन सुकाणू, दोरखंड आणि होकायंत्र यांची ओळख करून द्यायची, ही कल्पना ज्याला सुचली त्याने मुंबईच्या गोदीत बोटीची वाट पाहत बसलेली माणसे नीट पाहिलेली असणार. जहाजमालकाने आपल्याच धंद्यातली विद्या गरिबांच्या पोरांना दिली. पैसा कुणीही देऊ शकतो. आपला हुन्नर देणारा व्यापारी विरळा.

या ठिकाणी आम्हांला अबू दाऊदमधली ती हदीस आठवते. एक गरजू अन्सारी पैगंबरांकडे (स.अ.) मागायला आला. घरात काय आहे, असे त्यांनी विचारले. एक जाडेभरडे वस्त्र आणि पाणी प्यायचा प्याला, एवढेच होते. पैगंबरांनी ते मागवून तिथेच लिलाव केला. दोन दिरहम आले. एकाचे घरच्यांना अन्न घ्यायला सांगितले आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणवली. तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवून दिला आणि लाकडे तोडून विक, पंधरा दिवस तोंड दाखवू नकोस, असे बजावले. तो परत आला तेव्हा त्याच्याजवळ दहा दिरहम होते. आमच्या मोहल्ल्यांत जकातीवर वाझ होतात, अडीच टक्क्यांचा हिशेब समजावला जातो. ही कुऱ्हाडीची गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. न्हाव्याची शाळा म्हणजे ती कुऱ्हाड होती.

इथे एक अडचणीचा प्रश्नही विचारायला हवा. दात्याची स्तुती करताना आम्ही तो सहसा गिळून टाकतो. व्यापारी घराण्याकडे दानासाठी येणारा पैसा शेवटी येतो कुठून? डेकवर दाटीवाटीने बसलेल्या उतारूंच्या तिकिटांतून, बॉयलरपुढे भाजणाऱ्या आगवाल्याच्या घामातून. म्हणजे शाळा काढून शेठने आमचेच आम्हांला परत दिले, असे कुणी म्हटले तर त्याला खोटे कसे ठरवणार? मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवणही आपल्याकडे आहे. ती जकातीच्या हिशेबातून वजा होत नाही. कारखान्यात वर्षानुवर्षे तुटपुंज्या पगारावर माणसे राबवायची आणि रमजानमध्ये त्यांच्याच दारात शिधा पाठवायचा, यात सवाब किती आणि समाधान किती, हे ज्याने त्याने आपल्याशी तपासावे. एका जहाजमालकाच्या शंभर वर्षांपूर्वीच्या जमाखर्चाचा निवाडा आम्ही करणार नाही. मात्र आमच्या माणसांच्या कष्टांतून आलेल्या पैशाचा काही भाग आमच्या मुलांच्या हाताला हुन्नर देऊन परत आला, एवढे पदरात पडले आहे. बऱ्याच दात्यांच्या बाबतीत एवढेही म्हणता येत नाही.

याच विचाराची दुसरी खूण भायखळ्याला आहे. हाजी साबू सिद्दिक यांचे नाव मुंबईच्या प्रत्येक मुसलमानाला ठाऊक आहे. हा तरुण व्यापारी १९०८ साली, वयाची पंचविशीही गाठण्याआधी गेला. मागे ठेवलेल्या संपत्तीतून मुसाफिरखाना झाला आणि १९३६ साली अंजुमन-इ-इस्लामची तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली. तिथून फिटर, ओव्हरसियर, इंजिनियर बाहेर पडले. ज्यांनी हे नाव कधी नीट उच्चारलेही नाही, अशांच्या घरी त्यामुळे चूल पेटली.

आता आमच्या गावाकडे येऊ. काही वर्षांपूर्वी गावातल्या एका व्यापाऱ्याने जमातीपुढे पैसे ठेवायची तयारी दाखवली. त्यांना सारे चाचा म्हणतात. बापाचे लाकडाचे दुकान होते. भावांनी ते वाढवले, आता पुतणे आणि मुले आखातापर्यंत व्यवहार करतात. जमातीची बैठक बसली. मशिदीला नवा मिनार, वजूखान्याला संगमरवर, दरवाजावर कमान, अशा सूचना येऊ लागल्या. कमानीवर चाचांच्या वडिलांचे नाव घालायचे, हेही ठरत आले. तेवढ्यात मागे बसलेले एक निवृत्त सारंग म्हणाले, "मिनार उभा आहे, तो कुठे पडत नाही. पोरं मात्र बसून आहेत."

त्यांचे म्हणणे खरे होते. आमच्या वडिलांच्या वेळी गावचा सारंग पोराला बरोबर न्यायचा आणि बोटीवर चढवायचा. आता तसे चालत नाही. १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर नियम कडक होत गेले. दहावीला गणित, विज्ञान, इंग्रजी हवे, सहा महिन्यांचा जी. पी. रेटिंगचा अभ्यासक्रम हवा, वेगवेगळी प्रमाणपत्रे हवीत. फी सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची. मग पोरे एजंटांच्या नादी लागतात, आईचे दागिने गहाण पडतात आणि हातात येतो तो खोटा कागद. ज्यांचे आजोबा सातही समुद्र फिरले, त्यांच्या नातवांना बोटीवर पाऊल ठेवता येईना.

चाचांनी दोन दिवस विचार केला. घरात कुरबूर झाली, परत येईल की नाही अशा ठिकाणी पैसा का अडकवायचा, असे मुलांचे म्हणणे पडले. शेवटी त्यांनी कर्जे-हसनाची तोड काढली. मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश मिळालेल्या मुलाची फी ते भरणार. नोकरी लागली की मुलाने बिनव्याजी, हप्त्याहप्त्याने फेडायची. ते पैसे चाचांच्या घरी जाणार नाहीत, पुढच्या मुलाच्या फीला लागतील. एक साधी वही घातली. पहिल्या तीन मुलांपैकी दोघांनी पैसे फेडले. तिसऱ्याने फेडले नाहीत, त्याच्या घरची परिस्थिती पाहून कुणी तगादाही लावला नाही. चौथी आली ती मुलगी, नर्सिंगच्या फीसाठी. बैठकीत बरीच कुजबुज झाली. चाचा म्हणाले, "वहीत मुलगा असं लिहिलेलं नाही, विद्यार्थी लिहिलंय." तिचा हप्ता सर्वांत वेळेवर येतो.

कमानही पुढे झाली. दुसऱ्या एका दात्याने पैसे दिले, आणि त्यावर नाव आहे. आमची त्याबद्दल तक्रार नाही. मशीद सुंदर असावी असे कुणाला वाटणार नाही? आमचे म्हणणे इतकेच, की आमच्या गावांतून दानाचा जो ओघ वाहतो, त्यातला किती भाग दगडाला जातो आणि किती माणसाला, हे जमातीने वर्षातून एकदा मांडून पाहावे. वह्या-वाटपाच्या कार्यक्रमांत मंचावर मुले हात पुढे करून आणि माना वळवून उभी असतात, कारण फोटोवाल्याला तसे हवे असते. त्या मुलांना तो फोटो आयुष्यभर पुरतो. चाचांच्या वहीतल्या मुलांचा फोटो कुणी काढलेला नाही. ती देणेकरी आहेत, याचक नाहीत. हा फरक त्यांच्या चालण्या-बोलण्यात दिसतो.

मराठीत देणे या शब्दाचे दोन अर्थ होतात. जे आपण दिले ते, आणि जे आपण लागतो तेही. धंदेवाईक माणसाला दुसरा अर्थ चांगला कळतो. दरवर्षी बाकी काढल्याशिवाय त्याला झोप येत नाही. समाजाला द्यायच्या पैशाकडेही तो त्याच नजरेने पाहील, तर पावती, हिशेब, तपासणी हे सारे आपोआप येईल. आमच्या संस्थांत खोट आहे ती पैशाची नाही, या सवयीची आहे. संस्थापक जिवंत असेपर्यंत सारे नीट चालते, मग विश्वस्तांची भांडणे कोर्टात जातात आणि इमारतीवर झाडे उगवतात.

चाचा आता थकले आहेत. वही त्यांनी आपल्या घरात ठेवली नाही, मुलांच्या हवालीही केली नाही. जमातीने तिघांची समिती नेमली आहे. तिच्यात ते सारंग आहेत, शाळेतल्या एक बाई आहेत आणि पहिल्या तिघांतला, फेड पूर्ण केलेला एक मुलगा आहे. तो सध्या बोटीवर असतो. सुट्टीवर आला की वही तपासतो.