तटाच्या आतले मनिला

मनिलाला निघालेल्या प्रवाशाला जी यादी मिळते, तिच्यात समुद्रकाठची प्रचंड व्यापारी संकुले, उपसागरावरचा सूर्यास्त आणि रंगीबेरंगी जीपनीतला फेरफटका हमखास असतो. सूर्यास्त खरोखरच देखणा आहे. जीपनीचीही गंमत वाटते. महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे टाकलेल्या जीपगाड्या लांबवून, रंगवून फिलिपिनो कारागिरांनी हे वाहन घडविले. परंतु आपल्या वसईच्या धर्मग्रामांतून कोणी तिकडे जाणार असेल, तर माझा आग्रह असतो की, निदान एक दिवस इंत्रामुरोससाठी राखून ठेवावा आणि तो भाग पायीच पाहावा.

इंत्रामुरोस म्हणजे ‘तटाच्या आत’. 1571 साली लेगास्पीने स्पेनच्या राजाच्या नावे येथे नगर वसविले आणि पुढे त्याभोवती दगडी तट उभा राहिला. वसईच्या किल्ल्यात वावरलेल्या माणसाला हा तट परका वाटत नाही. आत 1607 साली पूर्ण झालेले संत अगस्तीनचे प्रभुमंदिर आहे. त्याच्या छताकडे पाहताना दगडात कोरलेली फुले-पाने आहेत असाच भास होतो. प्रत्यक्षात ती इटालियन चित्रकारांनी गिलाव्यावर केलेली रंगाची किमया आहे. दर्शनी बाजूला एकच मनोरा दिसतो. दुसरा 1880 च्या भूकंपात निकामी झाला आणि पुढे उतरविण्यात आला. 1993 पासून हे मंदिर जागतिक वारशाच्या यादीत आहे.

हे सारे वाटाडे सांगतातच. मात्र जे उरले नाही, त्याबद्दल ते घाईने बोलतात. महायुद्धापूर्वी या तटाच्या आत लहानमोठी सात-आठ प्रभुमंदिरे होती. 1945 च्या फेब्रुवारीत महिनाभर लढाई चालली. जपानी सैनिकांनी नागरिकांची कत्तल केली, अमेरिकन तोफांनी तटाच्या आतील वस्तीचा चुराडा केला, आणि सुमारे 1,00,000 नागरिक प्राणास मुकले. सर्व मंदिरांपैकी संत अगस्तीनचे तेवढे उभे राहिले. आजचे कॅथेड्रल 1958 साली नव्याने उभारलेले आहे. त्याच परिसरात एका छोट्या चौकात, 1995 साली उभारलेले स्मारक आहे: मस्तकावरून वस्त्र घेतलेली एक स्त्री, तिच्या हातांत गतप्राण बालक, आणि भोवती कोसळलेली माणसे. ज्यांना स्वतःची कबरही लाभली नाही, त्यांच्यासाठी ते आहे. इतिहासाच्या पुस्तकांत त्या महिन्याला ‘मनिलाची मुक्ती’ म्हणतात. तेथे उभा असताना तो शब्द माझ्या ओठांवर येईना.

मला स्वतःला शोधायची होती ती फ्रान्सिस्कनांच्या मठाची जागा. वसईत जन्मलेले आपले संत गोन्सालो गार्सिया जपानात धर्मशिक्षक होते, नंतर व्यापारी झाले, आणि अखेर मनिलातच त्यांनी फ्रान्सिस्कन बंधू म्हणून झगा स्वीकारला. 1593 साली संत पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर ते दुभाषी म्हणून जपानला परतले ते येथूनच. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मरण आले. 1945 मध्ये त्या मठाचे मंदिरही नष्ट झाले. आता तेथे मापुआ विद्यापीठ आहे. मुलेमुली वह्या कवटाळून लगबगीने आत शिरत होती. छायाचित्र काढावे असे तेथे काही नाही. तरीही मी फाटकाबाहेर पदपथावर जपमाळेची पाच रहस्ये म्हटली. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कनांच्या मंदिराच्या भिंती तरी शिल्लक आहेत, हा विचार मनात येत राहिला.

सांतियागो कोटापासून रिझाल उद्यानापर्यंत रस्त्यावर धातूची पाऊले बसविली आहेत. 30 डिसेंबर 1896 रोजी होसे रिझाल मरणाकडे ज्या वाटेने चालत गेले, ती ही वाट. त्याच मैदानात 1872 साली गोमेझ, बुर्गोस आणि झामोरा या तीन धर्मगुरूंना बंडाच्या आरोपावरून गळा आवळून मारण्यात आले. गोमेझ बहात्तर वर्षांचे, बुर्गोस जेमतेम पस्तिशीचे. देशी धर्मगुरूंना न्याय मिळावा हा त्यांचा आग्रह होता. सरकारने मागणी करूनही अर्चबिशपांनी त्यांचे धर्मगुरुपद काढून घेण्यास नकार दिला. रिझाल यांनी आपली दुसरी कादंबरी या तिघांना अर्पण केली. उद्यानात सहली येतात, मुले पतंग उडवितात. आपण तेवढा क्षणभर थांबावे.

नदीपलीकडे किआपोला शुक्रवारी कृष्णवर्णी नाझरेथकराच्या दर्शनाला लोटणारी गर्दी अवश्य पाहावी. काही भाविक गुडघ्यांवर चालत वेदीपर्यंत जातात. दाराबाहेर मेणबत्त्यांच्या शेजारी ताईतही विकले जातात, याची जाण ठेवावी, खिसाही सांभाळावा.

तेथून जवळच बिनोन्दो, ही चिनी वस्ती. संत लोरेन्झो रुईझ येथल्या प्रभुमंदिरात लेखनिक होते. चिनी पिता, फिलिपिनो माता. पत्नी आणि तीन मुले असलेला हा प्रापंचिक. खुनाचा आळ आला म्हणून 1636 साली डोमिनिकन धर्मगुरूंबरोबर ते जहाजावर चढले आणि पुढच्याच वर्षी नागासाकीला हुतात्मा झाले, गोन्सालोंनंतर बरोबर चाळीस वर्षांनी. बिनोन्दो आणि इंत्रामुरोस यांना जोडणारा नवा पूल 2022 साली खुला झाला आहे. सकाळी लवकर निघाल्यास दोघांच्याही जागा दुपारच्या उन्हाआधी पाहून होतात.