आयतें बीळ

‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण आपल्या भाषेंत ज्या तिरस्कारानें वापरली जाते तो सापाच्या वांट्यास विनाकारण आला आहे, असें आमचें बरेच दिवसांपासूनचें मत आहे. ज्यास हात नाहींत, पाय नाहींत, नखें नाहींत, त्यानें बीळ खणावें तरी कशानें? वारूळ उभारते वाळवी, बीळ पोखरतो उंदीर, आणि साप तेथें राहावयास जातो, यांत लबाडीपेक्षां निरुपायच अधिक दिसतो. कांहीं जाती मऊ वाळूंत डोकें खुपसून शिरतात खऱ्या. परंतु घरटें रचणारी म्हणून नागराजाची मादीच काय ती प्रसिद्ध आहे. ती आपल्या अंगाच्या वेटोळ्यानें वाळका पालापाचोळा ओढून त्याचा ढीग करते व त्यांत अंडीं घालते. बाकी बहुतेक सारें सर्पकुल भाडेकरूचें, आणि तेंही भाडें न देणाऱ्या! असा एक भाडेकरू आमच्या घरीं आला, व सत्तरी उलटल्यावर त्याच्यासाठीं बीळ बांधण्याचें काम आमच्याकडे आलें.

आम्ही उभयतां निवृत्तीनंतर मुलाकडे विलायतेंत येऊन राहिलों आहों. आमच्या शेजारचें एक कुटुंब परदेशीं जावयास निघालें, तेव्हां त्यांनीं आपला पाळलेला साप आमच्या पंधरा वर्षांच्या नातवास देऊं केला. हा अमेरिकेच्या आग्नेय भागांतील साप. इंग्रजींत यास ‘कॉर्न स्नेक’ म्हणतात. त्याच्या पोटावरील काळ्यापांढऱ्या चौकटी मक्याच्या कणसावरील दाण्यांसारख्या दिसतात, म्हणून हें नांव पडलें असें कांहीं सांगतात. मक्याच्या कोठारांत उंदरांमागें तो शिरे म्हणून पडलें, असें दुसरे. अंग नारिंगी, त्यावर तांबडे पट्टे, लांबी चार फूट, विष मुळींच नाहीं. येथें असा साप पाळण्यास परवाना लागत नाहीं. विषारी सापांस मात्र १९७६ च्या कायद्यानें लागतो. भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या देशांतील साप धरून घरीं ठेवण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे असें आम्ही समजतों. तेव्हां ही हकीकत वाचून कोणी धामण धरावयास निघूं नये.

पाहुणा ज्या प्लास्टिकच्या डब्यांतून आला तो जेमतेम दीड हात लांब होता. त्यांत तो आठ वर्षें राहिला होता म्हणे. अंग सरळ ताणून पडणें ही गोष्ट त्यास तेवढ्या काळांत घडली असेल असें दिसेना. हा साप पाळलेल्या स्थितींत पंधरा-वीस वर्षें जगतो; म्हणजे अर्धें आयुष्य संपलें होतें व अर्धें राहिलें होतें. ही गणना करतांना आम्हांस दुसरीही एक गणना सुचली, पण ती आम्ही कोणाजवळ बोललों नाहीं. नातू तीन वर्षांनीं शिक्षणास बाहेरगांवीं जाणार, मुलगा व सून दिवसभर कामावर. तेव्हां या प्राण्याचें पुढें कोण पाहणार हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर दोन रात्री चालला होता.

सर्वांत कठीण आक्षेप आमच्या सौभाग्यवतींचा होता. नातू सांगूं लागला, “आजी, हा विषारी नाहीं.” त्या म्हणाल्या, “विषाचें कोण बोलतंय, बाळा? ज्याचा जन्म जमिनीवरून सरपटण्यासाठीं, त्याला पेटींत घालून तुम्ही काय मिळवणार? त्याला शेत हवें.” यावर आम्हीं उत्तर दिलें कीं, हा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या घरींच निपजलेला; येथील हिवाळ्यांत बाहेर सोडला तर मरेल; शिवाय परकी जात मोकळी सोडणें येथें १९८१ च्या कायद्यानें गुन्हा आहे. सारें खरें, परंतु तें उत्तर ‘आतां काय करावें’ या प्रश्नाचें होतें. मुळांत त्यास कोंडावें कां, हें त्यांनीं विचारलें होतें, आणि त्याचें उत्तर आमच्यापाशीं तेव्हां नव्हतें व आजही नाहीं. कोंडणें जर अटळच असेल, तर कोंडणाऱ्यानें निदान जागा तरी नीट करावी, एवढ्यापुरतेंच आमचें तत्त्वज्ञान पोंचलें.

या कामांत आम्हांस धीर देणारी व्यक्ति म्हणजे जोन प्रॉक्टर. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सर्पगृह १८४९ सालींच झालें होतें. परंतु १९२७ सालीं जें नवें उघडलें त्याची आंखणी या बाईंची. शाळकरी वयांत त्यांनीं मगर पाळली होती! पुढें त्या तेथें सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रमुख झाल्या, आणि जन्मभर दुखण्यानें पिडलेल्या असूनही १९३१ सालीं, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं वारल्या तोंपर्यंत काम करीत राहिल्या. प्रेक्षकांच्या वाटेवर अंधार व प्राण्याच्या दालनांत उजेड, आणि इमारतीच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळी ऊब, या त्यांच्या योजना होत. ज्याचें रक्त बाहेरच्या उबेवर अवलंबून, त्यास एकसारखी ऊब देऊन भागत नाहीं. ऊब व गारवा दोन्ही देऊन निवड त्याच्यावर सोपवावी लागते. आमच्या पेटीचें सारें शास्त्र एवढेंच.

प्लायवुडच्या अठरा मिलिमीटर जाडीच्या फळ्या आणल्या. पेटी चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच. लांबी सापाहून कमी असूं नये, हा नियम आम्हीं आरंभींच ठरविला होता. पुढच्या बाजूस सरकत्या कांचा. यांतील युक्ति नातवास फार आवडली: वरची खोबण खालच्यापेक्षां दुप्पट खोल ठेवतात, कांच प्रथम वर चढवावयाची व मग खालच्या खोबणींत उतरवावयाची, म्हणजे ती बसते, पण आपोआप निघत नाहीं. तथापि सरकते, आणि साप नाकानें कांच रेटीत राहतो, थकत नाहीं. म्हणून दोन कांचांस मिळून एक कुलूप लाविलें. ज्या फटींतून डोकें जातें तींतून सारा साप जातो, हें ध्यानांत ठेवून प्रत्येक सांध्यास आंतून सिलिकोन भरलें. हवेसाठीं मागील फळीस गार टोकाकडे खालीं व उबेच्या टोकाकडे वर भोकें पाडून जाळी ठोकली. तापलेली हवा वरून निघते व ताजी खालून येते.

वाण्याच्या दुकानाप्रमाणें सर्व यादी देऊन वाचकांस कंटाळा आणण्याचें कारण नाहीं. पण रोगणाविषयीं एक शब्द. साप जिभेनें वास टिपतो व टाळूंतील इंद्रियाशीं नेऊन तो ओळखतो. म्हणजे आपणांस जो वास ‘थोडासा’ वाटतो तो त्यास घरभर असतो. आम्हीं पाण्यांत कालवलेलें रोगण तीन हात दिलें आणि पेटी कांचा उघड्या टाकून तीन आठवडे तशीच ठेविली. नातू रोज विचारी, “आजोबा, आज?” आम्ही नाक आंत घालून म्हणत असूं, “उद्यां.” तळाशीं घालावयाच्या भुशाचीही हीच गोष्ट. देवदाराचा सुगंधी भुसा त्यांतील तेलामुळें सापास बाधतो. ॲस्पेन नांवाच्या झाडाचा बिनवासाचा चालतो.

ऊब देणारें चिनी मातीचें उपकरण एका टोकास छताशीं बसवून त्याभोंवतीं तारेचा पिंजरा केला, कारण साप ऊबदार वस्तूस विळखा घालून भाजेपर्यंत बसून राहतो. थर्मोस्टॅट लावून, पेटी रिकामी असतांना आठ दिवस दोन तापमापकांवर पाहिलें: उबेच्या टोकास तीस अंश, दुसऱ्या टोकास बावीस. ऊब कमी पडली तर खाल्लेला उंदीर पोटांत पचत नाहीं. (उंदीर मेलेला व गोठविलेला मिळतो. तो कोणत्या कपाटांत ठेवावा यावरून घरांत जें झालें तें येथें लिहीत नाहीं.)

या सर्व कामाचा जो भाग आम्हांस मोलाचा वाटला तो निराळाच होता. आमच्या नातवाचें मराठी म्हणजे ‘जेवलास कां’, ‘झोप आली’ एवढें. पण कोंकणांतील आमच्या घरीं पावसाळ्यापूर्वीं जो सुतार येऊन बसे, त्याच्याजवळ ऐकलेले शब्द गाडीखान्यांत आमच्या तोंडून आपोआप निघूं लागले: करवत, रंधा, पटाशी, गुण्या, गिरमिट, कानस. या हत्यारांचीं इंग्रजी नांवें नातवासही ठाऊक नव्हतीं. त्यामुळें त्यानें आधीं आमचींच घेतलीं. “आजोबा, गुण्या द्या,” असें तो प्रथम म्हणाला तेव्हां आम्ही मुद्दाम हातांतलें काम चालू ठेविलें.

मध्यें नागपंचमी आली. त्या दिवशीं चिरूं नये, कापूं नये, तवा चढवूं नये, जमीन खणूं नये, हा नेम आमच्या सौभाग्यवतींनीं परदेशींही पाळला. आणि नागाचें घर बांधतां म्हणून नागपंचमीस करवत चालणार नाहीं, असें स्पष्ट सांगून गाडीखान्यास कडी घातली. संध्याकाळीं मात्र त्यांनीं होऊन नातवास बत्तीस शिराळ्याची गोष्ट सांगितली, कीं तेथें पूर्वीं जिवंत नाग धरून आणीत, पंचमीपर्यंत मडक्यांत ठेवीत, पूजा करीत व पुन्हां रानांत सोडीत. पुढें कायद्यानें व न्यायालयानें त्या चालीस पायबंद घातला, हें आम्हीं पुस्ती म्हणून जोडलें. “सोडीत तरी,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीं त्यांनीं बागेतल्या दोन फुटक्या मातीच्या कुंड्या धुऊन आणून दिल्या. पेटींत लपण्यास दोन जागा लागतात, एक उबेच्या बाजूस व एक गार बाजूस. एकच ठेवली तर ऊब घ्यावी कीं सुरक्षित राहावें यांत सापास निवड करावी लागते, आणि भित्रा साप गारठून बसतो पण जागा सोडीत नाहीं. ही जागा प्रशस्त असून चालत नाहीं. चारी बाजूंनीं अंगास लागेल अशीच हवी. आम्ही बाजारांतून विकत आणणार होतों. कुंड्या अगदीं मापाच्या निघाल्या.

साप आंत सोडल्यावर तीन दिवस गार बाजूच्या कुंडीखालून हलला नाहीं. चौथ्या रात्रीं सर्वजण निजल्यावर आम्ही पाणी पिण्यास उठलों तो पेटींत हालचाल दिसली. तो मागील फळीच्या कडेनें, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सरळ ताणून पडला होता. किती वेळ तसा होता सांगवत नाहीं; आमचे पाय गार पडले एवढें खरें.

महिन्यानें त्याचे डोळे निळसर झाले व मग एके सकाळीं अखंड कात निघाली, डोळ्यांवरच्या टोप्यांसह. कात ताणली जात असल्यामुळें सापापेक्षां लांब भरते, हें नातवानें फूटपट्टी लावून आपल्या आजीस दाखविलें. कुलुपाच्या दोन किल्ल्या आहेत. एक नातवापाशीं असते. दुसरी आमच्या सौभाग्यवतींनीं आपण होऊन मागून घेतली व स्वयंपाकघरांत पंचांगाच्या खिळ्यास अडकविली. पाण्याचें भांडें सध्यां त्याच बदलतात.