काळपट आरएनए

मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या गाठीतून काढलेला आरएनए पुष्कळदा काळपट येतो. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन त्याच्याबरोबर नळीत उतरतं आणि पुढे आरएनएवरून डीएनए घडवणाऱ्या एन्झाइमला अडवतं. मग पुन्हा धुवा, पुन्हा मोजा. हातमोजे, बर्फ, द्रव नायट्रोजन हे सोपस्कार तर आहेतच, कारण आरएनए तोडणारी एन्झाइम्स आपल्याच बोटांवर असतात. पण ही हाताची कामं. सवयीने जमतात.

खरी पंचाईत आकडे आल्यावर. यंत्र एकेका नमुन्यातले कोट्यवधी तुकडे वाचतं, आणि आपल्यासमोर वीसेक हजार जनुकांचा तक्ता येतो. त्यातला कुठला आकडा कुठल्या पेशीचा, हे मात्र तक्ता सांगत नाही. गाठ वाटताना कर्कपेशींसोबत रक्तवाहिन्या, लिम्फोसाइट या प्रतिकारपेशी, शेजारची धडधाकट कातडी, सगळंच वाटलं जातं. वाटण चाखून लसणाची कुठली पाकळी किडकी होती ते सांगा म्हणावं, तशातली गत.

अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलसने 2015 साली 333 मेलॅनोमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जनुकांच्या अभिव्यक्तीवरून त्यात तीन गट पडले: रोगप्रतिकाराचा, केराटिनचा आणि एमआयटीएफ हे जनुक कमी चढलेला. पहिल्या गटातले रुग्ण अधिक जगले. म्हणजे मोलाची खबर दिली ती गाठीत शिरलेल्या प्रतिकारपेशींनी! केराटिनच्या गटाकडे मात्र मी जरा संशयानेच बघते. केराटिन बनवणं हे मुळात साध्या त्वचापेशींचं काम.

आपल्याकडे मेलॅनोमा विरळा, आणि दिसतो त्यातला बराचसा तळपायाचा. उन्हाशी त्याचा फारसा संबंध नाही. त्या अमेरिकी नमुन्यांत असे अगदी थोडे होते. तळपायाची कातडी जाड, त्यामुळे इथे फसगत जास्त. तक्त्यात केआरटी 9 हे केराटिनचं जनुक चढलेलं दिसलं की नवखा विद्यार्थी हरखून जातो. पण ते जनुक तळहात-तळपायाच्या कातडीचंच. गाठीबरोबर कातडीही आली, एवढंच ते सांगतं.

2016 मध्ये 19 रुग्णांच्या गाठींतल्या 4,645 पेशी एकेक करून वाचल्या गेल्या, तेव्हा एकाच गाठीत एमआयटीएफ चढलेल्या आणि एएक्सएल हे दुसरं जनुक चढलेल्या, अशा दोन्ही तऱ्हेच्या कर्कपेशी सापडल्या. एकत्र वाटलेल्या नमुन्यात हा भेद सरासरीत बुडतो. पण एकेक पेशी वाचणं महागडं, दर वेळी परवडत नाही.

तेव्हा नव्याने या कामात येणाऱ्यांनो, तक्ता उघडण्याआधी पॅथॉलॉजिस्टकडे जा. त्याच गाठीची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघा, आणि शेकडा किती पेशी कर्काच्या आहेत ते विचारून वहीत लिहून ठेवा.